पडत्या काळातले विद्यापीठ

१ मे ही तारीख मराठी माणसास आठवून द्यावी लागत नाही. परंतु महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर बरोबर चार वर्षांनी, म्हणजे १ मे १९६४ रोजी, त्याच्या पूर्व सीमेपलीकडे रायपूर येथे एक विद्यापीठ अस्तित्वात आले, ही गोष्ट येथे नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या आपल्या बांधवांपैकी थोड्यांसच ठाऊक असते. जुन्या मध्यप्रांताचे आणि पुढे नव्या मध्यप्रदेशाचे मुख्यमंत्री झालेले पंडित रविशंकर शुक्ल यांचे नाव त्यास दिले गेले. चौतीस संलग्न महाविद्यालये आणि विद्यापीठाचे स्वतःचे असे पाच अध्यापन विभाग, एवढा त्याचा आरंभीचा संसार होता.

जन्मवेळ मात्र फारशी शुभ नव्हती. विद्यापीठ सव्वीस दिवसांचे होते तेव्हा पंडित नेहरू निवर्तले. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध जुंपले आणि परदेशी मदतीचा ओघ आटला. त्याच वर्षी पावसाने डोळे वटारले. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे ८ कोटी ९० लाख टन धान्य पिकले होते, ते १९६५-६६ मध्ये ७ कोटी २० लाख टनांवर आले, आणि त्यापुढील वर्षीही परिस्थिती फारशी सावरली नाही. छत्तीसगड हे भाताचे कोठार खरे, पण येथील बहुतेक शेती आभाळाकडे पाहून चालणारी. तेव्हा त्या दोन वर्षांचा अर्थ येथे निराळा सांगावयास नको. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. चौथी पंचवार्षिक योजना त्याच वर्षीच्या एप्रिलात सुरू व्हावयाची, ती तीन वर्षे पुढे गेली, आणि त्या काळास लोक उपहासाने ‘योजनेची सुट्टी’ म्हणू लागले.

एखादे नवे दुकान असते तर त्यास दोन वर्षांत फळ्या लागल्या असत्या. विद्यापीठ बंद पडले नाही. परीक्षा होत राहिल्या, निकाल लागत राहिले, पदव्या दिल्या गेल्या. हे कशाच्या जोरावर साधले, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस पडलेला आहे. एक तर त्याचे उत्तर केवळ रायपूरपुरते नाही. आणि दुसरे असे की, अशा वेळी खर्चाला कात्री लावणारा हात बहुधा तुमच्या-आमच्यासारख्याच कोणा अधिकाऱ्याचा असतो.

याचे मूळ पाहावयाचे तर थोडे मागे जावे लागेल. नागपूरकर भोसल्यांच्या अमलामुळे या प्रदेशाची ओढ नागपूरकडे होती, आणि इंग्रजी अमलातही उच्च शिक्षणाच्या बाबतीत ती तशीच राहिली. रायपूरच्या मुलास मॅट्रिकनंतर शिकावयाचे तर त्याने नागपूर नाही तर जबलपूर गाठावे, आणि ज्याच्या बापाची तेवढी ऐपत नसेल त्याने कचेरीत चिकटावे, असा प्रघात होता. १९३८ मध्ये महाकोशल शिक्षण संस्थेने रायपुरात छत्तीसगड महाविद्यालय काढले, तेव्हा कोठे येथे पहिले महाविद्यालय झाले. जे. योगानंदम् हे त्याचे पहिले प्राचार्य. आज ते महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. येथे साल लक्षात घ्यावयास हवे. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव पार बसले होते. त्यातून शेतकरी आणि मालगुजार पुरते वर आलेले नव्हते. अशा वेळी सरकारची वाट न पाहता गावच्या लोकांनी महाविद्यालय काढावे, आणि नागपूर विद्यापीठाने त्याच्या परीक्षा घ्याव्यात, ही वाटणी त्या काळाला परवडणारी होती. शिकवण्याचा भार संस्थेवर, शिक्का मारण्याचे काम विद्यापीठाकडे.

नागपूर विद्यापीठ स्वतः १९२३ चे. त्यालाही मंदीच्या ऐन तोंडावर, १९३० मध्ये, मोठा आधार मिळाला तो सरकारकडून नव्हे. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपल्या मृत्युपत्राने सुमारे ३५ लाखांची मालमत्ता तंत्रशिक्षणासाठी विद्यापीठाच्या स्वाधीन केली. त्यातून लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली ती १९४२ मध्ये. देणगी आणि देऊळ यांच्यामध्ये बारा वर्षे गेली. पण पैसा राहिला आणि संस्था झाली, हे त्या काळचे मोठेच भाग्य म्हणावयाचे.

त्याहून विलक्षण हकीकत सागरची. नागपूरकडील वाचकांस डॉ. हरिसिंह गौर हे नाव नवे नाही. दिल्ली विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू; पुढे नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरू झाले; कायद्यावरील त्यांचे ग्रंथ जुन्या वकिलांच्या कपाटांत अजूनही दिसतात. महायुद्ध संपले तेव्हा देशात महागाई, कापडाची टंचाई, कागदाची टंचाई, आणि राज्यकर्ते जाण्याच्या तयारीत, अशी अवस्था होती. या वेळी पंच्याहत्तरीच्या गौरांनी स्वतःच्या कमाईतले वीस लाख रुपये काढून दिले आणि १८ जुलै १९४६ रोजी आपल्या जन्मगावी विद्यापीठ सुरू केले. इमारती बांधावयास ना पैसा ना सामान. तेव्हा मकरोनिया येथे युद्धकाळात उभारलेल्या लष्करी बराकी रिकाम्या होत्या, त्यांत वर्ग भरू लागले. शिपायांच्या खाटा हलवून तेथे बाके आली. छत्तीसगडातील महाविद्यालये या सागर विद्यापीठाच्या कक्षेत गेली, आणि १९६४ पर्यंत तेथेच राहिली. रायपूरहून सागरला जावयाचे म्हणजे बिलासपूर, कटनी असा वळसा घालून आगगाडीने जावयाचे. एखाद्या विद्यार्थ्याचे प्रमाणपत्र अडले म्हणजे त्याच्या घरच्यांस काय यातायात पडत असेल, याची कल्पना दूरच्या जिल्ह्यांतून सचिवालयात खेटे घातलेल्या आपल्या वाचकांस सहज करता येईल.

बराकीवरून राजवाड्यांची आठवण होते. १९५६ मध्ये खैरागडच्या राजदांपत्याने, राजे वीरेंद्र बहादूर सिंह व राणी पद्मावती देवी यांनी, दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ आपला वाडाच संगीत-कला विद्यापीठास देऊन टाकला. त्याच्या आरंभीच्या काळात कुलगुरुपदी होते ते पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, पंडित भातखंड्यांचे पट्टशिष्य. पुढील वर्षी, १९५७ मध्ये, राजनांदगाव येथील जुन्या वाड्यात दिग्विजय महाविद्यालय सुरू झाले. संस्थाने विलीन झाली, तनखे उरले, आणि रिकाम्या दिवाणखान्यांत फळे लागले. छत्तीसगडातील उच्च शिक्षणाच्या पहिल्या पिढीचा इमारतखर्च असा कोणा लष्कराने, कोणा राजाने आधीच करून ठेवलेला होता. हिशेबाच्या वहीत ही रक्कम कोठेच दिसत नाही.

तशीच वहीत न दिसणारी दुसरी एक देणगी होती. ती शिक्षकांची. तिच्याविषयी बोलावयाचे तर राजनांदगावातच थोडे थांबले पाहिजे, कारण तेथे एक मराठी मनुष्य शिकवीत होता.

गजानन माधव मुक्तिबोध हे आज हिंदीतील अग्रगण्य कवींत गणले जातात. घरची भाषा मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे नामवंत कवी आणि नागपूरचे प्राध्यापक. गजाननरावांनी शाळामास्तरी केली, वृत्तपत्रांत केली, आकाशवाणीत केली, आणि १९५८ मध्ये ते दिग्विजय महाविद्यालयात हिंदीचे प्राध्यापक म्हणून आले. तळ्याकाठच्या त्या जुन्या वाड्याच्या आवारातच त्यांचे बिऱ्हाड होते. आयुष्यात प्रथमच काहीसे स्थैर्य लाभले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पण ओढाताण संपली नव्हती. संसाराला हातभार म्हणून त्यांनी भारताच्या इतिहास-संस्कृतीवर शाळांसाठी एक पाठ्यपुस्तक लिहिले. ते लागलेही, आणि १९६२ मध्ये मध्यप्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. या आघातातून ते सावरले नाहीत, असे अनेकांचे मत आहे. १९६४ च्या आरंभी त्यांस पक्षाघात झाला. रायपूरचे विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ते रुग्णशय्येवर होते, आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीस त्यांचा अंत झाला. पहिला कवितासंग्रह त्यानंतर निघाला.

मुक्तिबोधांचे दारिद्र्य हा काव्यचर्चेचा विषय होऊन बसला आहे, आणि त्यात आम्हांस भर घालावयाची नाही. आमचा मुद्दा रोकड आहे. ज्या व्याख्यात्यास पगारात भागत नाही म्हणून क्रमिक पुस्तके लिहावी लागतात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रात्री जागून तपासावे लागतात, शिकवण्या धराव्या लागतात, तो आपल्या आयुष्यातला काही भाग दर महिन्यास संस्थेला देणगी म्हणून देत असतो. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने हीच गोष्ट उघडपणे, तत्त्व म्हणून केली होती. गोखल्यांसारख्यांनी पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे काढली, आणि त्या त्यागाची नोंद झाली. लहान गावांतील प्राध्यापकांनी तोच त्याग केला, पण त्यास कोणी आजीव सभासद म्हटले नाही. महागाई वाढते आणि पगार जागच्या जागी राहतो, तेव्हा या देणगीचा आकडा आपोआप वाढतो. १९६२ ते १९६७ या काळात तो किती वाढला असेल, याचा हिशेब कोणत्याही वार्षिक अहवालात सापडावयाचा नाही.

आता १९६६ कडे वळू. अवमूल्यनाने डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. वर्तमानपत्रांनी रुपया साडेछत्तीस टक्क्यांनी उतरला असे छापले. ज्यास बाहेरून माल आणावयाचा त्याच्या लेखी तोच माल सत्तावन्न टक्क्यांहून अधिक महागला. पौंड १३ रुपये ३३ पैशांचा होता, तो २१ चा झाला. म्हणजे दहा पौंड वर्गणीचे एखादे रसायनशास्त्राचे नियतकालिक काल १३३ रुपयांत येत होते, त्यास आज २१० द्यावे लागणार. अर्थसंकल्पातील रक्कम मात्र मार्चातच ठरून गेलेली, ती तेवढीच. वर परकीय चलनाचा परवाना निराळा मिळवावयाचा. पुढे नोव्हेंबर १९६७ मध्ये खुद्द पौंडच घसरला आणि भाव १८ रुपयांवर आला, तेव्हा इंग्लंडची संकटेदेखील आपल्या ग्रंथपालांच्या पथ्यावर पडतात, असे म्हणावयाची पाळी आली!

येथे ग्रंथालयाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. इमारतीचे काम थांबले तर दोन वर्षांनी पुन्हा सुरू करता येते; गवत उपटले, गंजलेल्या सळया घासल्या, की झाले. नियतकालिकांचे तसे नाही. एखाद्या मालिकेत तीन वर्षांचा खंड पडला की तो बहुधा कायमचा. पुढे पैसा आला तरी जुने अंक कोण शोधतो? म्हणून जुन्या ग्रंथालयात जाऊन परदेशी नियतकालिकांच्या बांधीव खंडांची पाठ नुसती बोटाने चाचपीत गेले, तरी देशावर कोणकोणत्या वर्षी संकट आले हे सांगता येते. बोट जेथे पोकळीत जाते ते वर्ष वाईट.

तरीही विद्यार्थ्यांच्या हाती पुस्तके आली, आणि ती ज्या वाटांनी आली त्या नमूद करण्याजोग्या आहेत. ब्रिटिश सरकारच्या साहाय्याने ‘ई.एल.बी.एस.’च्या स्वस्त आवृत्त्या निघत. मूळ किमतीच्या निम्म्याहूनही कमी दामात तेच पुस्तक मिळे. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची गणिताची व पदार्थविज्ञानाची पुस्तके तर इतकी स्वस्त असत की, ज्यांस ती समजत नसत तेही घेऊन ठेवीत. दिल्लीची ‘इन्सडॉक’ ही संस्था १९५२ पासून होती. एखादे नियतकालिक विकत घेणे शक्य नसेल तर त्यातील हव्या त्या लेखाची प्रत काढून पाठवण्याचे काम ती करी. आणि अमेरिकेची गोष्ट तर फारच मासलेवाईक. १९५१ मध्ये धान्यटंचाईच्या वेळी हिंदुस्थानने अमेरिकेकडून १९ कोटी डॉलरचे गव्हाचे कर्ज घेतले; त्याच्या व्याजापैकी ५० लाख डॉलरपर्यंतची रक्कम भारतीय विद्यापीठांसाठी पुस्तके, प्रयोगसाहित्य आणि अध्यापकांची देवघेव यांवर खर्चण्याची तरतूद त्या कायद्यातच होती. म्हणजे उपासमारीने घेतलेल्या गव्हाचे व्याज ग्रंथालयाच्या मांडणीवर येऊन बसले. तिन्ही महाशक्तींना आपापल्या भाषेत आपल्या मुलांनी विचार करावा असे वाटत होते, हे उघड आहे. पण तेवढ्यासाठी पुस्तक परत पाठवण्याइतके श्रीमंत आपण नव्हतो.

याच जून महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. रुपया पडल्यानंतर तेवीस दिवसांनी, २९ जून १९६६ रोजी, कोठारी आयोगाने आपला शिक्षणविषयक अहवाल केंद्रीय शिक्षणमंत्र्यांस सादर केला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूरकडचे. अहवालाच्या पानोपानी त्यांच्या परिश्रमांचा ठसा आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचा २.९ टक्के भाग शिक्षणावर खर्च होत आहे, तो १९८५-८६ पर्यंत ६ टक्के व्हावा, असे आयोगाने म्हटले. ज्या आठवड्यांत सरकार परदेशी देण्यांची तोंडमिळवणी करण्यात गुंतले होते, त्याच आठवड्यांत हा आकडा त्याच्यापुढे आला. पुढे १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने तो स्वीकारलाही. स्वीकारणे आणि देणे यांत किती अंतर असते, हे आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

केंद्राकडून मिळणाऱ्या पैशाचीही एक अडचण होती, आणि ती समजल्याशिवाय या हकीकतीचा उलगडा होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले ते १९५६ मध्ये, आणि त्याच्या अध्यक्षपदी आले चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून आलेले हे गृहस्थ तरुणपणी याच मध्यप्रांतात आय.सी.एस. अधिकारी होते, बंदोबस्ताच्या कामात त्यांनी येथील खेडी पायांखाली घातली होती. त्यांच्या कारकीर्दीत आयोगाचा जो शिरस्ता पडला तो असा की, राज्य विद्यापीठांस केंद्राने विकासापुरते द्यावे, आणि रोजचा प्रपंच राज्याने चालवावा. आयोगाने पद निर्माण करावयाचे, काही वर्षे पोसावयाचे, आणि मुदत संपली की ते राज्याच्या पदरात घालावयाचे. १९६६ साली प्राध्यापकांच्या सुधारित वेतनश्रेणी आल्या तेव्हाही वाढीव खर्चापैकी ८० टक्के पाच वर्षेपर्यंत केंद्र देणार, उरलेले आणि पुढचे राज्य पाहणार, असेच ठरले. तत्त्व म्हणून यात वावगे काही नव्हते. पण मध्यप्रदेशासारख्या राज्याने एकट्या १९६४ सालात इंदूर, ग्वाल्हेर आणि रायपूर येथे एकेक विद्यापीठ, आणि वर जबलपुरास कृषी विद्यापीठ, असा चौघांचा पाळणा हलवला होता. चारही लेकरे दुधावर, आणि गाय आटलेली.

मग रोजचा दिवा कशावर लागत होता? आमचे उत्तर असे आहे की, तो परीक्षेच्या फीवर लागत होता.

संलग्नतेच्या धर्तीवर चालणाऱ्या विद्यापीठाची खरी मिळकत वर्गात नसते. दहा विद्यार्थ्यांच्या एम.एस्सी.च्या वर्गास प्रयोगशाळा लागते, तीन-चार अध्यापक लागतात, आणि त्यांची फी म्हणजे समुद्रात खसखस. उलट जगदलपूरच्या, अंबिकापूरच्या केंद्रावर शेकडो उमेदवार बी.ए.स बसले तर विद्यापीठास खर्च तो प्रश्नपत्रिका छापण्याचा, पर्यवेक्षकाच्या भत्त्याचा आणि परीक्षकाच्या मेहनतान्याचा. त्यातही जे कोणत्याच महाविद्यालयात जात नाहीत, घरी वाचून थेट परीक्षेस बसतात, ते तर खरे अन्नदाते. हिंदीत त्यांस ‘स्वाध्यायी’ असा सुंदर शब्द आहे. पदोन्नतीसाठी पदवी हवी असलेला प्राथमिक शिक्षक, रेल्वेतला तिकीटबाबू, तहसिलीतला कारकून, लग्नानंतर शिक्षण सुटलेली गृहिणी, अशांचा हा वर्ग. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली, तेव्हापासून या टापूत नोकरी आणि पदवी यांचे नाते अधिकच घट्ट झाले. आणि येथे एक चमत्कारिक नियम दिसतो. काळ वाईट आला, नोकऱ्या आटल्या, की माणसे पदवीच्या मागे अधिक लागतात. सरकारी अनुदान घटते त्याच वर्षी परीक्षार्थी वाढतात. विद्यापीठ तरते, ते काहीसे अशा रीतीने लोकांच्या काळजीवर तरते.

याचा दोषही तेथेच आहे. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानेच सांगून ठेवले होते की, आपल्या विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाली तर ती परीक्षांची. पण जी गाय दूध देते तिला सुधारावयाचे कोणाच्या मनात येईल? परीक्षा-विभाग पोसला जातो, कारण तो मिळवता असतो. संशोधन-विभाग, ग्रंथालय, अध्यापन ही सारी खाती खाणारी. काटकसरीचे वर्ष आले की कात्री मिळवत्या हातास लागत नाही. एका अशाच वर्षी, एका खात्यात असताना, दहा टक्के कपातीचा कागद आमच्याही टेबलावर आला होता. पगारास हात लावता येत नाही, विजेचे बिल द्यावेच लागते, छपाई टळत नाही. ‘पुस्तके व नियतकालिके’ या शीर्षापुढे ‘पुढील वर्षी विचार व्हावा’ असा शेरा मारून आम्ही सही केली. कोणी तक्रार केली नाही. न घेतलेल्या पुस्तकाचा वाचक तक्रार करीत नसतो, हे तेव्हा सोयीचे वाटले.

पुढली पंचवीस वर्षे झपाट्याने ओलांडली तरी चालतील. १९८३ मध्ये बिलासपूरकडील भाग तोडून गुरू घासीदास विद्यापीठ झाले, २००८ मध्ये बस्तर आणि सरगुजा, २०१५ मध्ये दुर्ग अशी आणखी विद्यापीठे निघाली. प्रत्येक विभाजनात त्या त्या भागाची सोय झाली यात शंका नाही. पण महाविद्यालयांबरोबर परीक्षेची फीही वाटली गेली, ही बाजू उद्घाटनाच्या भाषणांत येत नाही. १९९१ मध्ये पुन्हा परकीय गंगाजळी तळाला गेली, सोने गहाण पडले, रुपया पुन्हा खाली आला. अनुदान आयोगाने नेमलेल्या न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने १९९३ मध्ये सांगितले की, विद्यापीठांनी आपल्या आवर्ती खर्चापैकी आधी १५ टक्के आणि दहा वर्षांत २५ टक्के स्वतः उभे करावेत. रायपूरसारख्या ठिकाणी हा उपदेश ऐकून कोणा जुन्या कुलसचिवास हसूच आले असेल. ते बिचारे जन्मापासून दुसरे काय करीत आले होते?

परंतु या उपदेशाचे टोक कोठवर जाऊ शकते, हे पाहावयाचे भाग्य पुन्हा रायपुरासच लाभले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले. तिजोरी लहान, प्रदेश मागासलेला, आणि उच्च शिक्षणासाठी खासगी भांडवल आणावयाचे, अशा भूमिकेतून २००२ मध्ये खासगी विद्यापीठांचा एक कायदा करण्यात आला. राजपत्रात अधिसूचना निघाली की विद्यापीठ झाले. बघता बघता ११२ विद्यापीठे झाली! ज्या प्रदेशात पहिले महाविद्यालय निघावयास १९३८ उजाडले, आणि पहिले सर्वसाधारण विद्यापीठ निघावयास १९६४, तेथे एवढ्या थोड्या अवधीत नालंदा-तक्षशिलांचे पीक आले. काहींचा कारभार दुकानांवरच्या एका खोलीतून चालतो, असे सर्वोच्च न्यायालयापुढे मांडण्यात आले. अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल यांनी ही दाद मागितली होती, आणि ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्याची संबंधित कलमे रद्द ठरवली. मकरोनियाच्या बराकींत विद्यापीठ भरत होते तेव्हा इमारत नव्हती, पण शिकवणारे होते, आणि गौरांचे वीस लाख होते. येथे नुसता शिक्का होता. परीक्षेच्या फीवर जगणाऱ्या विद्यापीठातून वर्ग, ग्रंथालय आणि शिक्षक वजा करीत गेले तर शेवटी हातात काय उरते, ते या ११२ नावांनी दाखवून दिले. त्या नावांवर विश्वासून प्रवेश घेतलेल्या मुलांचे काय, हा प्रश्न न्यायालयालाही सोडवावा लागला. त्यांची सोय अन्य विद्यापीठांत करण्याविषयी त्यास सांगावे लागले.

त्याच २००२ सालची दुसरी हकीकत मात्र अशी नाही. ती रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाची. ते १९८७ मध्ये स्थापन झाले. पण त्याच्याजवळचे धन त्याहून जुने आहे. १९७० च्या दशकात डॉ. राधेलाल रिछारिया यांनी रायपूर येथे भातसंशोधनाचे काम करताना छत्तीसगडच्या गावोगाव हिंडून, शेतकऱ्यांच्या घरचे मूठ-मूठ बियाणे गोळा केले होते. प्रत्येक वाणाचे गावात काय नाव, तो कोणत्या जमिनीत येतो, किती दिवसांत पिकतो, शिजवला की कसा लागतो, हे सारे टिपून ठेवले. ती संस्था त्या दशकाच्या अखेरीस बंद करण्यात आली. तीही काटकसरीचीच एक कथा आहे, आणि तिच्यात परदेशी कर्जाच्या अटींचाही वाटा होता असे म्हणतात. बियाणे मात्र टिकले, हातोहात फिरत कृषी विद्यापीठाकडे आले, आणि भर पडत पडत ते वीस हजार वाणांच्या वर गेले. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भातसंस्था सोडली तर एवढा संग्रह जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

संशोधनास पैसा अपुरा, आणि जवळ असे धन. २००२ च्या अखेरीस बातमी फुटली की, सिंजेंटा या स्विस कंपनीशी विद्यापीठाचा सहकार्याचा करार व्हावयाच्या बेतात आहे. कंपनीने पैसा द्यावा, आणि विद्यापीठाचा हा संग्रह संकरित वाणांच्या कामी यावा, असा एकंदर आशय होता. रायपुरातील वृत्तपत्रांनी, शेतकरी संघटनांनी, प्राध्यापकांनी, रस्त्यावरच्या माणसांनीही आवाज उठवला. मूठभर धान दिले ते विद्यापीठाला दिले, कंपनीला नव्हे, असे ज्या शेतकऱ्यांचे म्हणणे, त्यांस उत्तर देणे अवघड होते. डिसेंबरातच कंपनीने माघार घेतली.

ज्या अधिकाऱ्यांनी त्या सहकार्याचा विचार केला त्यांस आम्ही खलपुरुष समजत नाही. अनुदान तोकडे, वरून उत्पन्न वाढवा असा तगादा, आणि दारात पैसा देणारा उभा; अशा वेळी फाइलवर काय लिहिले जाते ते आम्हांस ठाऊक आहे. फरक इतकाच की, आमच्या शेऱ्याविरुद्ध कोणी रस्त्यावर आले नव्हते.

तो संग्रह आजही रायपुरात आहे. भाताचे बी थंड खोलीत ठेवले तरी कायम जिवंत राहत नाही; ठरावीक वर्षांनी प्रत्येक वाण बाहेर काढून, वेगळ्या वाफ्यात लावून, दुसऱ्याशी मिसळू न देता, नव्याने पिकवून पुन्हा भरून ठेवावा लागतो. वीस हजार वाण म्हणजे वीस हजार वाफे, तितक्याच चिठ्ठ्या, आणि पावसाळाभर चिखलात उभे राहणारे मजूर. त्यांची मजुरी दर वर्षी अर्थसंकल्पात कोणत्या शीर्षाखाली घातली जाते, आणि त्या शीर्षापुढे कोणाची सही असते, हे आमच्या वाचकांपैकी ज्यांची बदली रायपुरास होईल त्यांनी एकदा अवश्य पाहून यावे.